शेरा

दिल्लीहून आदेश आला तो गुरुवार होता.
म्हणजे पाषाणला वीज नव्हती,
आणि जनरेटरच्या घरघरीवर आवाज चढवून
मी तो सगळ्यांना वाचून दाखवला:
देशभरातली एकवीस संशोधन केंद्रं, यापुढे एकच मदतकक्ष.
डिझेल, कोरडा बर्फ, गाडी, सुया, लेबलं,
काहीही लागलं तर तिकीट काढायचं.

रमजान मुलाणी म्हणाले, कुठलं? कोथरूड डेपोचं?

हसलो सगळे.
मग कोणीतरी जनरेटर बंद केला
आणि हसू उघडं पडलं.

माझं काम तसं सोपं होतं.
चौदा वर्षांच्या नोंदवह्या संगणकावर चढवायच्या,
लाल कापडी पुठ्ठ्याच्या, कडांना ओल धरलेल्या.
तारीख, नमुना क्रमांक, तापमान, कोणी आणला, कोणी घेतला, सही.
सहा रकाने इथे, सहा तिथे.
वर्षं जशीच्या तशी बसत गेली.

सातवा रकाना वहीत होता, पडद्यावर नव्हता.
शेरा.

बोपोडी. बाईंची नस उजव्या हाताला सापडत नाही. डावा मागावा.

जनता वसाहत, वरची गल्ली. बाळ नुकतं झोपलं होतं.
उठवलं नाही. उद्या.

विसर्जन, रस्ते बंद. पेटी डोक्यावर घेऊन
म्हात्रे पुलापर्यंत चालत. पोचली तेव्हा चार अंश.

फ्रीझर तीनचा आवाज बदलला आहे.
बिघाड नाही. पण बदलला आहे.

आणि इंदू ओव्हाळांच्या तिरक्या अक्षरात:
आजोबा विचारतात, माझ्या रक्ताचं पुढे काय झालं. काय सांगू?
खाली दुसऱ्या शाईत, विचारतो.
त्याच्या खाली काही नाही. पान उलटलं की पावसाळा.

जुनं सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही.
सुयांच्या एका खोक्याला तीन महिने लागत,
हातमोजे इंदूताई पदरच्या पैशांनी आणत
आणि पावत्या एका डब्यात साठवत,
तो डबा अजून आहे.
मुलाणी नऊ वर्षं फ्रीझरच्या खोलीबाहेर सतरंजीवर झोपले,
कारण धोक्याची घंटा तेवढ्याच भिंतींना ऐकू जायची.
आता घंटा फोनवर वाजते.
यंदा रमजानमध्ये ते पहिल्यांदा
सहेरीला घरी होते, घोरपडीला.
सून म्हणे आधी दचकलीच.

तरी मी तिकीट काढलं. विषय: सातवा रकाना हवा.
प्रकार निवडा: साहित्य, वाहन, वीज, इतर.
इतर निवडलं.
अकरा मिनिटांत उत्तर आलं.
आपल्या विनंतीचं निराकरण झालं आहे.
समाधानासाठी एक ते पाच तारे द्या.

मी दोन दिले. मग एक काढून घेतला.
मग वाटलं, तिकडेही कोणीतरी बसलेलंच असेल,
त्याच्याही डोक्यावर गुरुवार असेल,
आणि परत दिला.

शेवटची वही मुलाणींनी स्वतः आणून ठेवली.
शेवटच्या पानावर सहा रकान्यांतून एकच आडवी रेघ,
सातव्यात:
कपाट दोनची किल्ली जरा वर उचलून फिरवावी.

संध्याकाळी, कोणी नसताना,
आजोबांचा नमुना क्रमांक टाकून पाहिला.
चौदा वर्षांच्या वह्यांत मला एक दिवस लागला असता.
पडद्याला एक श्वासही नाही.
फ्रीझर तीन, फळी दोन, उणे ऐंशी. उपलब्ध.

इंदूताईंना फोन केला.
त्या म्हणाल्या, आठ वर्षं झाली गं त्या नोंदीला.
मागे कुकरची शिट्टी, कोणाचा तरी अभ्यास.
मग म्हणाल्या, शनिवारी जाऊन बघू.
चढ आहे. चपला बऱ्या घाल.